रक्ताच्या रिपोर्टवरून पार्किन्सन्समधला विसराळूपणा आधी कळतो का?

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न फिरूनफिरून एकाच गोष्टीवर येतायत. पार्किन्सन्समध्ये बुद्धीवर परिणाम होतो का, आणि होत असेल तर तो रक्त तपासून आधी कळतो का. म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. बाबा ७२ वर्षांचे आहेत, पार्किन्सन्स होऊन ८ वर्षं झाली. हाताचा कंप आणि चालणं गोळ्यांनी बऱ्यापैकी कंट्रोलमध्ये आहे पण गेल्या वर्षभरात डोकं मंदावल्यासारखं वाटतं. काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागतो, आधी सगळे हिशोब तेच बघायचे आता एक फॉर्म भरताना तासभर अडकून बसतात, आणि एकदोनदा म्हणाले की दाराशी कोणीतरी लहान मुलगा उभा आहे. भावाने वाचलं की एनएफएल नावाची रक्ततपासणी आलीये, त्यात डिमेन्शिया होणार का ते कळतं. करून घ्यावी का? आई फार घाबरलीये.

ताई, आधी एनएफएल म्हणजे काय ते सांगतो, मग करावी की नाही ते बघू, आणि त्यानंतर जे सांगणार आहे ते या तपासणीपेक्षा महत्त्वाचं आहे तेव्हा तिथपर्यंत नक्की वाचा.

आपल्या मज्जापेशीला एक लांब तंतू असतो आणि त्या तंतूला आतून आधार देणारं प्रथिनांचं एक जाळं असतं, त्यातलंच एक प्रथिन म्हणजे न्यूरोफिलामेंट लाइट, त्याचं छोटं नाव एनएफएल. तंतूला इजा झाली की हे प्रथिन बाहेर सुटतं, आधी मेंदूभोवतीच्या पाण्यात जातं आणि तिथून अगदी थोडं रक्तात उतरतं. किती थोडं, तर ते पिकोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतकं बारीक मोजणारी सिमोआसारखी यंत्रं गेल्या दहा-पंधरा वर्षांतली आहेत, त्याआधी यासाठी पाठीच्या मणक्यातून पाणी काढावं लागायचं. त्यामुळे संशोधकांना याचं एवढं अप्रूप का आहे ते समजू शकतं, मलाही आहे.

आता ही तपासणी काय सांगते. पार्किन्सन्सच्या पेशंटचे मोठे गट घेऊन काही वर्षं त्यांच्या मागे राहिलं तर ज्यांचं एनएफएल सुरुवातीला जास्त होतं त्यांच्यात बुद्धीची आणि हालचालीची घसरण सरासरीने जास्त वेगाने झालेली दिसते. हे एकापेक्षा जास्त अभ्यासांत आलंय, त्याबद्दल शंका नाही. पण ही सरासरी आहे. टिकून राहिलेले आणि घसरलेले अशा दोन गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की मधल्या पट्ट्यातला एखादा आकडा बघून हा माणूस कोणत्या गटातला हे कोणालाही सांगता येत नाही. आणि बहुतेकांचा आकडा या मधल्या पट्ट्यातच येतो.

दुसरं म्हणजे एनएफएल फक्त पार्किन्सन्समुळे वाढत नाही. वय वाढलं की वाढतं, साठीनंतर जास्तच. किडनी नीट काम करत नसेल तर वाढतं. छोटासा स्ट्रोक होऊन गेला असेल, डोक्याला मार लागला असेल, डायबेटिसमुळे पायाच्या नसा खराब झाल्या असतील तरी वाढतं. उलट वजन जास्त असलेल्या माणसात ते कमी दिसतं. घर पडलं की राडारोडा बाहेर दिसतो पण नुसत्या राडारोड्यावरून कोणती भिंत पडली आणि कशाने पडली ते कळत नाही, तसं आहे हे. ७२ वर्षांच्या माणसाचा रिपोर्ट हाय आला तर त्याची चार कारणं तरी असू शकतात.

एनएफएलचा खरा उपयोग सध्या वेगळ्या ठिकाणी होतो. पार्किन्सन्ससारखेच दिसणारे पण त्यापेक्षा वेगाने वाढणारे काही आजार आहेत, मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी किंवा पीएसपी. त्यांच्यात एनएफएल बरंच जास्त असतं तर साध्या पार्किन्सन्समध्ये नॉर्मलच्या आसपास किंवा थोडंसंच वर. त्यामुळे निदानाबद्दलच शंका असेल तर न्यूरॉलॉजिस्टला या आकड्याची मदत होते. तुमच्या बाबांना ८ वर्षं झालीत, गोळ्यांना चांगला प्रतिसाद आहे, म्हणजे तो प्रश्न बहुतेक नाहीच.

म्हणून माझं सरळ मत, आत्ता एनएफएल करू नका. केली आणि जास्त आली तर आई अजून घाबरेल आणि बाबांच्या उपचारात एका गोळीचाही फरक पडणार नाही. कमी आली तर सगळे निश्चिंत होतील आणि जे बघायला हवं ते बघायचं राहून जाईल, हे मला जास्त वाईट वाटतं.

बघायला काय हवं, तर पहिल्यांदा गोळ्यांची पूर्ण यादी. सगळ्या डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या, सर्दीच्या, लघवीच्या सुद्धा. कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे का बघा, बऱ्याच पेशंटना ती वर्षानुवर्षं चालू असते आणि कोणी परत बघतच नाही. वारंवार लघवी होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन दिलंय का, झोप किंवा दुखण्यासाठी अॅमिट्रिप्टिलिन दिलंय का. ही सगळी औषधं मेंदूतल्या अॅसिटिलकोलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाला अडवतात आणि पार्किन्सन्समध्ये विचारांचा वेग, लक्ष, भास या सगळ्याचा संबंध त्याच अॅसिटिलकोलिनशी आहे. मुळात कमी असलेलं आपण गोळीने अजून कमी करतो. अशी गोळी हळूहळू कमी केल्यावर माणूस पुन्हा पेपर वाचायला लागलेला मी बघितलाय. फक्त स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याने त्रास होतो, डॉक्टरांना विचारूनच.

मग रक्त तपासायचंच असेल तर साधं रक्त तपासा. बी १२, थायरॉइड, सोडियम, साखर, किडनी, हिमोग्लोबिन. यात कोणाला नावीन्य वाटत नाही पण यातली प्रत्येक गोष्ट डोकं मंदावू शकते आणि यातल्या बहुतेक सगळ्या दुरुस्त होतात. पार्किन्सन्समध्ये बी १२ कडे मुद्दाम बघावं लागतं कारण लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची मुख्य गोळी, शरीरात मोडताना रक्तातलं होमोसिस्टिन नावाचं रसायन वाढतं आणि ते परत खाली आणायला बी १२ आणि फोलेट लागतं, त्यात डायबेटिससाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही बी १२ कमी करतं.

उभं राहिल्यावर बीपी पडतंय का तेही बघा, आडवं असताना मोजा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त पडत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण उभं असताना मेंदूला रक्त कमी पोचलं की माणूस गोंधळतो आणि घरच्यांना वाटतं विसराळूपणा वाढला. झोप कशी आहे, रात्री झोपेत हातपाय झाडतात का, ओरडतात का, दिवसा डुलक्या किती, मन उदास आहे का, कानाला नीट ऐकू येतं का, हे सगळं लिहून न्या.

दाराशी दिसणाऱ्या मुलाबद्दल. असे भास पार्किन्सन्समध्ये होतात आणि सुरुवातीला माणसाला स्वतःला कळत असतं की हे खरं नाही. बाबांशी वाद घालू नका, "तिथे कोणी नाहीये, तुम्हाला काहीतरी होतंय" असं दरडावू नका, लाइट लावा आणि शांतपणे विचारा की त्रास होतोय का. पण डॉक्टरांना सांगायला लाजू नका. आणि अचानक दोन-तीन दिवसांत गोंधळ खूप वाढला तर तो पार्किन्सन्स नव्हे, लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नवीन औषध यातलं काहीतरी आहे असं समजून लगेच दाखवा. तिथे दुसऱ्या कोणी डॉक्टरने झोपवण्यासाठी हॅलोपेरिडॉल सुचवलं तर पार्किन्सन्स आहे हे ठणकावून सांगा, त्या औषधाने पेशंट लाकडासारखा कडक होऊ शकतो.

शेवटी डोक्याची तपासणी. मोका नावाची ३० मार्कांची टेस्ट असते, दहा-पंधरा मिनिटांत होते. त्यात एक घड्याळ काढायला सांगतात, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणून. पार्किन्सन्समधल्या पेशंटला शब्द आठवायला जमतात, जरा खूण दिली की हमखास आठवतात, पण घड्याळाचे सगळे आकडे एका बाजूला गोळा झालेले असतात किंवा काटा दहावरच जातो. फॉर्म भरताना बाबा अडकतात ना, ते हेच असू शकतं, विसरण्यापेक्षा कामाची आखणी आणि जागेचा अंदाज यातली अडचण. ते कळलं की मदत कशी करायची तेही कळतं. एका वेळी एकच पान समोर ठेवा, घाई करू नका, प्रश्न विचारल्यावर दहा-पंधरा सेकंद खरंच थांबा आणि मधे दुसरा प्रश्न घुसवू नका.

हे सगळं करूनही डिमेन्शिया आहे असं ठरलं तर रिव्हास्टिग्मिन नावाचं औषध आहे, त्याची मोठी चाचणी २००४ मध्ये आली आणि २००६ मध्ये अमेरिकेत पार्किन्सन्स डिमेन्शियासाठी त्याला मान्यता मिळाली. फार मोठा फरक पडत नाही पण काही जणांत लक्ष आणि भास दोन्हीत सुधारणा दिसते. मळमळ होऊ शकते, कंप थोडा वाढू शकतो.

प्रश्न: मी स्वतः पेशंट आहे, वय ५८, निदान होऊन २ वर्षं झाली. नेटवर वाचलं की पार्किन्सन्सच्या ८० टक्के लोकांना डिमेन्शिया होतो. रात्री झोप लागत नाही. मला माझं भविष्य रक्तातून कळू शकतं का?

तो ८० टक्के आकडा कुठून आला ते सांगतो कारण त्याने फार लोकांची झोप उडवलीये. ऑस्ट्रेलियात सिडनीला एक अभ्यास झाला, त्यात नवीन निदान झालेल्या पेशंटच्या मागे २० वर्षं राहिले आणि २००८ मध्ये त्यांनी लिहिलं की २० वर्षांनंतर जे हयात होते त्यांच्यातल्या ८३ टक्के लोकांना डिमेन्शिया होता. आकडा खरा आहे. पण वीस वर्षांनी तपासायला उरलेली माणसं जेमतेम तीसेक होती आणि तोपर्यंत ती बरीच म्हातारी झालेली होती. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन मोठ्या गटांचे आकडे पुढे आणले, त्यातल्या पीपीएमआय या संशोधनासाठी निवडलेल्या पेशंटच्या गटात १० वर्षांनी डिमेन्शियाची शक्यता मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे ९ ते १५ टक्के आली, आणि दुसऱ्या, रोजच्या क्लिनिकमधल्या पेशंटच्या गटात १० वर्षांनी साधारण २७ टक्के. धोका आहे, वर्षांबरोबर वाढतो, मी तो लपवणार नाही. पण तुम्ही ज्या आकड्याला घाबरून जागे राहताय तो तुमच्या पुढच्या दहा वर्षांचा आकडा नाही.

१८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं पहिलं वर्णन लिहिलं तेव्हा बुद्धीला काही होत नाही असं नोंदवलं होतं. ते पुरतं बरोबर नव्हतं, आणि आता दुसऱ्या टोकाला जाऊन सगळ्यांना डिमेन्शिया होतोच असं म्हणणंही बरोबर नाही.

कोणाला धोका जास्त, हे रक्ताशिवायही बरंच कळतं. आजार सुरू होतानाचं वय जास्त असणं, वास फारच गेलेला असणं, झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय मारणं, उभं राहिल्यावर बीपी पडणं, लवकर भास सुरू होणं. वयाचा मुद्दा तुमच्या बाजूने आहे. रक्तातून जीन्स तपासले तर जीबीए नावाच्या जीनमध्ये काही बदल असलेल्यांना बुद्धीच्या घसरणीचा धोका जास्त, एपीओईचा ई४ प्रकार असेल तरी जास्त, आणि एलआरआरके २ मधला नेहमी सापडणारा बदल असलेल्यांमध्ये घसरण बहुधा मंद असते. प्रथिनांमध्ये एनएफएलबद्दल वर लिहिलंच आहे. दुसरं जीएफएपी, ते मेंदूतल्या अॅस्ट्रोसाइट नावाच्या मदतनीस पेशी चवताळल्या की वाढतं आणि पार्किन्सन्स डिमेन्शियाच्या पेशंटमध्ये ते जास्त सापडलंय. तिसरं पी-टाऊ, म्हणजे टाऊ नावाच्या प्रथिनाचा बदललेला प्रकार, त्याच्याबद्दल पुढच्या प्रश्नात. ईजीएफ नावाचं एक प्रथिन आहे ते उलट, ज्यांच्या रक्तात ते कमी त्यांच्यात बुद्धी जास्त घसरली असं २०११ मध्ये आलं होतं. आता एकच प्रथिन धरून न बसता तीन-चार प्रथिनं, वय, जीन्स आणि मोकाचे मार्क एकत्र करून अंदाज बांधायचा प्रयत्न चालू आहे आणि मला वाटतं उत्तर असंच कधीतरी मिळेल.

पण तुम्हाला आज मी यातलं काहीही तपासायला सांगणार नाही. एक मोका आत्ता करून ठेवा, मार्क लिहून ठेवा, दर वर्षी परत करा, गोळीचा असर चालू असताना करा. तुमचीच तुमच्याशी तुलना कोणत्याही एका आकड्यापेक्षा जास्त सांगते. दम लागेल असा व्यायाम नियमित करा. आणि झोप लागत नाहीये ती भीतीने, की डिप्रेशन आहे ते दाखवून घ्या, पार्किन्सन्समध्ये डिप्रेशन मेंदूतल्या बदलांमुळेही येतं, मनाचा कमकुवतपणा नसतो, आणि त्यावर उपचार आहेत.

प्रश्न: मिस्टरांना पार्किन्सन्स आहे, विसरणं वाढलं म्हणून पी-टाऊ २१७ ही तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. एका ठिकाणी सांगितलं की हा अल्झायमर्स आहे, पार्किन्सन्स नव्हे. मग इतकी वर्षं चुकीचे उपचार झाले का?

नाही, तसं नका समजू. दोन्ही एकाच वेळी असू शकतं आणि असं फार जणांत असतं. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन चुकीच्या घडीत साचतं. अल्झायमर्समध्ये अॅमिलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचतात. पार्किन्सन्स डिमेन्शिया असलेल्या लोकांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांत सिन्युक्लिनसोबत अॅमिलॉइड आणि टाऊही सापडलं, आणि ज्यांच्यात दोन्ही होतं त्यांच्यात घसरण लवकर झालेली होती. म्हणजे तुमच्या मिस्टरांचा पार्किन्सन्स खोटा ठरत नाही आणि गोळ्यांनी त्यांची हालचाल सुधारत असेल तर त्या चालूच राहायला हव्यात.

मला स्वतःला या सगळ्या तपासण्यांमध्ये पी-टाऊच जास्त आश्वासक वाटते, कारण एनएफएल नुसती इजा दाखवतं पण ही साधारण कोणत्या प्रकारची इजा तेही दाखवते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने रक्तातल्या पी-टाऊ २१७ आणि अॅमिलॉइड यांच्या गुणोत्तराची एक तपासणी मान्य केली, ल्युमिपल्स नावाची, ५५ वर्षांपुढच्या ज्यांना विसरण्याची लक्षणं आहेत अशांसाठी. पण ती मान्यता मेंदूत अॅमिलॉइड आहे का एवढंच ओळखायला आहे आणि तेही बाकी तपासण्यांच्या जोडीने, पार्किन्सन्समध्ये पुढे काय होईल ते सांगायला नाही.

एक गोष्ट नक्की करा, त्यांचं क्रिएटिनिन बघा. किडनी कमजोर असेल तर पी-टाऊ खोटं जास्त दिसू शकतं. रिपोर्टवर पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि मधला असा पट्टा दिलेला असतो, आकडा सीमेला टेकलेला आहे की खूप वर आहे तेही बघा. आणि कोणी अॅमिलॉइड काढणारी नवी इंजेक्शनं सुचवली, लेकॅनेमॅब वगैरे, तर घाई करू नका. ती सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमर्ससाठी तपासलेली आहेत, पार्किन्सन्स डिमेन्शियासाठी नाही, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो म्हणून वारंवार एमआरआय करावे लागतात.

प्रश्न: पार्किन्सन्स अल्फा-सिन्युक्लिनमुळे होतो तर सरळ रक्तातलं अल्फा-सिन्युक्लिनच का मोजत नाहीत?

मोजून झालंय, जमलं नाही. कारण रक्तातलं ९९ टक्क्यांहून जास्त अल्फा-सिन्युक्लिन लाल पेशींत असतं. रक्त काढताना सुई जरा चुकली, नळी जोरात हलवली, की थोड्या लाल पेशी फुटतात, वरचं पिवळसर पाणी गुलाबी दिसायला लागतं आणि आकडा उडालाच. मेंदूतून आलेलं जे काही असेल ते त्या गर्दीत हरवतं.

म्हणून आता प्रमाण मोजण्यापेक्षा प्रथिनाची वागणूक तपासतात. चुकीच्या घडीतलं सिन्युक्लिन शेजारच्या चांगल्या सिन्युक्लिनलाही आपल्यासारखं वळवतं, तर पेशंटच्या नमुन्यात बाहेरून चांगलं सिन्युक्लिन घालून हलवत ठेवतात आणि ते गुठळ्या करायला लागतं का ते चमकणाऱ्या रंगाने बघतात. याला सीड अॅम्प्लिफिकेशन म्हणतात. पाठीच्या पाण्यावर हे फार चांगलं चालतं, २०२३ मध्ये पीपीएमआयच्या ११०० हून जास्त लोकांच्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या जवळपास ८८ टक्के पेशंटमध्ये ते पॉझिटिव्ह आलं. त्वचेचा छोटा तुकडा घेऊन सिन्युक्लिन बघायची वेगळी तपासणी आहे, तीही चांगली निघालीये. रक्तावर याचे प्रयोग चालू आहेत, २०२३ पासून उत्साह वाढवणारे निकाल येतायत पण अजून ती रोजच्या वापरातली तपासणी नाही. आणि एक लक्षात घ्या, यातून सिन्युक्लिन आहे की नाही एवढं कळतं, बुद्धी कधी आणि किती घसरेल ते कळत नाही.

प्रश्न: युरिक अॅसिड जास्त असेल तर पार्किन्सन्स हळू वाढतो असं वाचलं, मग वाढवायचं का?

नाही. ज्यांचं युरिक अॅसिड मुळातच जास्त असतं त्यांच्यात आजार हळू वाढतो हे निरीक्षण खरं आहे. म्हणून इनोसिन देऊन मुद्दाम युरिक अॅसिड वाढवायची नीट चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला, आजाराचा वेग कमी झाला नाही आणि मुतखडे मात्र जास्त झाले. रक्तातली गोष्ट आजाराबरोबर वरखाली होते म्हणजे ती बदलली की आजार बदलेल असं नसतं.

प्रश्न: आईला पार्किन्सन्स आहे. एका अभ्यासासाठी दरवर्षी रक्त आणि डोक्याची टेस्ट द्यायची आहे, आई म्हणते मला काय फायदा. आम्ही काय सांगावं?

आईंना खरं सांगा, त्यांना स्वतःला बहुतेक फायदा नाही. कदाचित रिपोर्टही मिळणार नाही. पण मी वर ज्या प्रत्येक वाक्यात "सरासरीने" म्हटलंय ते कधी बदलायचं असेल तर अशाच नमुन्यांनी बदलेल. एकदाच घेतलेल्या रक्तापेक्षा एकाच माणसाचं चार-पाच वर्षांचं रक्त आणि त्याच वर्षांचे मोकाचे मार्क याला फार किंमत आहे, कारण दोन माणसांचा एनएफएल वेगळा असायला शंभर कारणं असतात पण एकाच माणसाचा चढत गेला आणि सोबत मार्क उतरत गेले तर काहीतरी हाती लागतं. मधेच सोडणारे जे असतात ते बऱ्याचदा जास्त आजारी झालेले असतात, त्यामुळे आजार वाढल्यावरही येत राहिलेल्या पेशंटचे नमुने सगळ्यात मोलाचे.

तरीही हो म्हणायच्या आधी काही गोष्टी विचारून घ्या. जीन्स तपासणार का, तपासले तर निकाल सांगणार का आणि आईंना तो ऐकायचा आहे का, कारण तो निकाल तुम्हा मुलांनाही लागू होतो. मधे सोडायचं झालं तर आधीचे नमुने नष्ट करतील का. पुढे आईंना स्वतः संमती देता आली नाही तर त्यांच्या वतीने कोण ठरवणार, हे आत्ता त्यांच्याच तोंडून ठरवून कागदावर घ्या. आणि जर आई नाहीच म्हणाल्या तर तो विषय तिथेच सोडा, त्यांच्या उपचारावर त्याचा काहीही परिणाम होता कामा नये आणि कोणी तसं सुचवलं तर तिथे जाऊच नका.

हो म्हणाल्या तर दरवर्षी शक्यतो दिवसाच्या त्याच वेळेला न्या, लेव्होडोपाची शेवटची गोळी किती वाजता घेतली ते चिठ्ठीवर लिहून द्या, आणि त्या आठवड्यात ताप, पडणं, नवीन औषध असं काही झालं असेल तर रक्त काढणाऱ्याला आधी सांगा, तारीख पुढे ढकलता येते.